ठिपका बघितला, ताट बघितलं का?

कोलॅजन कुठल्याही झाडाला लागत नाही. बाजारात पावडरीच्या डब्यातून जे येतं ते गाई-म्हशींच्या कातड्यातून, डुकराच्या कातडीतून, हाडांतून, नाहीतर माशांच्या कातडीतून आणि खवल्यांतून काढलेलं असतं. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितेय. आपल्या बेळगावात, निपाणी-चिकोडीकडे, आपल्याच समाजाच्या बायकांत आता 'व्हेज कोलॅजन' नावाचे डबे फिरताहेत, आणि त्यावर हिरवा ठिपका आहे एवढं बघून सगळ्यांच्या शंका मिटताहेत. ठिपका खोटा नाही. डब्यात कोलॅजनच नाही, म्हणून तो हिरवा आहे.

मग आत काय असतं? अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचा. आवळ्याचा अर्क, बांबूचा अर्क, 'सेस्बॅनिया'च्या पानांचा अर्क, थोडं क जीवनसत्त्व. हा सेस्बॅनिया कोण म्हणाल तर आपला हादगा. ज्याच्या फुलांची भाजी आपल्या आया-आज्ज्या करत आल्या, तो लॅटिन नाव लावून दीड हजार रुपयांना परत आलाय. मोठ्या अक्षरातल्या 'कोलॅजन'च्या खाली लहान अक्षरात 'बिल्डर' असतं. म्हणजे हे कोलॅजन नव्हे, शरीराला ते बनवायला मदत करणारं. शरीर स्वतःचं कोलॅजन स्वतः बनवतं हे खरं. त्याला क जीवनसत्त्व लागतं हेही खरं. ते लिंबात असतं, पेरूत असतं, आवळ्यात असतं, हे तर आपल्याला शाळेत असल्यापासून माहीत आहे.

ज्या घरांत हा विधिनिषेध नाही तिथल्या माझ्या मैत्रिणी विचारतात, खऱ्या कोलॅजनचा तरी उपयोग होतो का गं? पोटात गेलेलं कोलॅजन कुठल्याही प्रथिनासारखंच पचतं, त्याचे बारीक तुकडे होतात, आणि शरीर ते तुकडे जिथे गरज असेल तिथे वापरतं. तू गालावर जा आणि तू डोळ्यांखालच्या सुरकुतीत जाऊन बस, असं त्यांना कुणी सांगत नाही. चाचण्या झाल्या आहेत, पुष्कळ झाल्या आहेत. २०२५ साली अशा २३ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. सगळ्यांची बेरीज केली तर त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा थोडा सुधारलेला दिसला. पण कंपन्यांच्या पैशांवर न झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा त्यांत काहीच फरक दिसेना. मुलाची चौकशी मुलाच्याच मामाकडे केली तर तो काय सांगणार?

आता आपल्या घराकडे वळूया. आपण पिठाची मर्यादा पाळणारी माणसं. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यापुढचं पीठ आपल्या सासवा हातात धरायच्या नाहीत. पाणी गाळून घेतो. मद्य, मांस, मधु यांचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी म्हणून लहानपणी पाठशाळेत शिकलो. आणि त्याच घरात, त्याच फळीवर, दोन वर्षं टिकणारी, लाल अस्वलाच्या आकाराची 'हेअर गमी' ठेवलेली मी बघितली आहे. गमी लवचिक कशानं होते? एकतर जिलेटिननं, नाहीतर पेक्टिननं. पेक्टिन फळांच्या सालीतून येतं. जिलेटिन म्हणजे हाडं आणि कातडी उकळून काढलेलं तेच कोलॅजन, दुसऱ्या नावानं. काही गमींत गोडीसाठी मधही असतो, आणि मधाला आपला समाज काय म्हणतो ते मी सांगायला नको. सरकारी ठिपका मधाला हिरवाच ठरवतो. म्हणजे ठिपक्याचा शाकाहार आणि आपला शाकाहार एक नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

आणखी एक मेख आहे. ठिपका खाण्याच्या वस्तूला सक्तीचा, औषधाला नाही. पूरक आहार म्हणून विकलेल्या डब्यावर तो असतो, पण औषध म्हणून विकलेल्या कॅप्सूलवर नसतो. ती मऊ, हिरवी, ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल, जी आपल्या मुली टाचणीनं टोचून तोंडाला लावतात आणि उरलेली गिळतात, तिचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि तिच्या पट्टीवर कुठलाच ठिपका नसतो. औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत प्राण्यांचं काही असेल तर ते कळण्याचा हक्क ग्राहकाला आहे असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो २०१३ साली रद्द केला. जिलेटिनऐवजी वनस्पतीच्या सेल्युलोजचं कवच वापरावं, अशी मागणी मनेका गांधींनी मंत्री असताना २०१६ मध्ये केली होती. तशी कवचं आज मिळतात. पण ती मागून घ्यावी लागतात, आणि मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून 'कॅप्सूल कशाची आहे हो?' असं विचारायला आपल्याला लाज वाटते. कपड्याच्या दुकानात दहा साड्या उलगडायला लावताना वाटत नाही.

इथवर वाचून पुष्कळजणी खूश झाल्या असतील. बरं झालं, कुणीतरी त्या नव्या सुनांचे कान उपटले. थांबा जरा. माझं भांडण सुनांशी नाही. गमीत जिलेटिन आहे की पेक्टिन, यावर आपण तासभर वाद घालू शकतो, पण ती गमी खाणारीचे केस का गळताहेत हे आपण विचारत नाही. तिथे माझं भांडण आहे.

आमच्या ओळखीतली एक मुलगी, बाळ चार महिन्यांचं. फणी फिरवली की हातात झुपका. सासूनं पोथीवर हात ठेवून खात्री करून घेतली, डबा शाकाहारी आहे ना? मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हीच बघा की, हिरवा ठिपका आहे." झालं. महिन्याला दोन हजार रुपये सुरू. तिनं दुपारी काय खाल्लं, बाळंतपणात रक्त किती गेलं, नंतर तपासलं का, हे कुणी विचारलं नाही. आणि तिला हेही कुणी सांगितलं नाही की बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी असे केस गळतातच. टायफॉइड, डेंगी, मोठं ऑपरेशन, असं काही झालं तरी गळतात. अंगावर मोठा ताण आला की केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि काही आठवड्यांनी तो केस सुटतो. सहा महिने ते वर्षभरात बहुतेकींचे आपोआप परत येतात. आता हिशेब बघा. केस गळायला लागल्यावर डबा सुरू करायचा, सहा महिने खायचा, केस येतात. मग ती दुसरीला सांगते, मला गुण आला. दुसरी तिसरीला. या सगळ्या बायका खोटं बोलत नाहीत. म्हणूनच तर डबा खपतो.

'तीस दिवसांत फरक' असं ज्या डब्यावर लिहिलंय त्याबद्दल एवढंच सांगते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. हाताच्या बोटाचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला सुमारे सहा महिने लागतात. डोक्यावर जो दिसतो तो केस निर्जीवच असतो. पोटात घेतलेलं काही त्याच्यात शिरत नाही. तीस दिवसांत फरक पडतो तो फक्त पाकिटात.

बायोटिनचं वेगळं सांगायला हवं, कारण ते नुसतं निरुपयोगी नाही. बी गटातलं हे जीवनसत्त्व दिवसाला ३० मायक्रोग्रॅम मिळालं तरी मोठ्या माणसाला पुरतं, असं अमेरिकेतलं प्रमाण सांगतं. शेंगदाणे, बदाम, डाळी, दूध, यांतून ते मिळत राहतं. आणि गोळीवर लिहिलेलं असतं १०,००० मायक्रोग्रॅम. तीनशे पटीच्या वर! २०१७ साली डॉक्टरांनी बायोटिननं केस-नखं सुधारल्याच्या नोंदी शोधल्या, तेव्हा १८ रुग्ण सापडले, आणि त्या सगळ्यांना मुळात काहीतरी आजार होता. धडधाकट बाईला त्याचा फायदा झाल्याचा चांगला पुरावा नाही. शिवाय एवढं बायोटिन रक्तात असलं की प्रयोगशाळेतल्या काही चाचण्या चुकतात. थायरॉइडच्या चाचणीत टीएसएच खोटं कमी आणि बाकीचे आकडे खोटे जास्त दिसू शकतात. छातीत दुखतं म्हणून नेलेल्या बाईची ट्रोपोनिन चाचणी खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये यावर इशारा दिला, त्यात अशा चुकलेल्या चाचणीनंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख आहे. आपल्यातल्या निम्म्या बायकांच्या उशाशी थायरॉइडची गोळी असते. त्यातल्या किती जणी रक्त द्यायला जाताना तिथल्या मुलीला सांगतात, मी केसांची गोळी घेते म्हणून? ती गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. डॉक्टरांना सांगा, आणि चाचणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते त्यांनाच विचारा.

जास्त झालं तरी शक्तीचंच आहे, बाहेर पडून जाईल, असंही सांगतात. नेहमी तसं नसतं. सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तर केस उलट गळतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक द्रावणात चुकून लिहिलेल्यापेक्षा २०० पट सेलेनियम पडलं. २०१ जणांना त्रास झाला आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गेले, नखं खराब झाली. आपल्याकडच्या डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते कायद्यानं छापावंच लागतं. विकणारी बाई मात्र तो डबा औषध म्हणूनच विकते.

गोरेपणासाठी ग्लुटाथायोनच्या गोळ्या खाणाऱ्यांविषयी मी इथे काही लिहिणार नाही. ज्या घरात सावळी मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन नंतर फोनवर नकार कळवतात, त्या घरांनी आधी आरशात बघावं, मग त्या मुलीच्या गोळ्यांवर बोलू.

मूळ मुद्दा पुढे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली २०१९ ते २१ मध्ये. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत १०० पैकी ५७ जणींना रक्तक्षय आहे. बेळगाव कुणाचं हा वाद बाजूला ठेवा. कर्नाटकात धरलं तर हा आकडा ४७.८, महाराष्ट्रात धरलं तर ५४.२. सीमेच्या कुठल्याही बाजूला उभ्या राहा, दोघींतली एक सापडेल. आणि रक्तक्षयाची लक्षणं कुठली? दम लागतो, थकवा येतो, चेहरा फिका पडतो, केस गळतात, नखं पातळ होऊन तुटतात, फार झालं तर चमच्यासारखी खोलगट होतात. ज्या तक्रारींवर डबा विकला जातो, त्याच ह्या तक्रारी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या बाईला बांबूचा अर्क देणं म्हणजे गळक्या कौलाखाली बसून भिंतीला रंग काढणं.

आता म्हणाल, आमच्या घरी कशाची कमी? दूध-तूप आहे, सगळं आहे. आहे ना, घरात आहे. तिच्या ताटात आहे का? आपल्या घरात संध्याकाळी काय होतं ते आठवा. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची. सासरे दुकानातून येतात, मुलं क्लासवरून येतात, नवरा उशिरा येतो, गरम भाकरी एकेकाला वाढायची. शेवटचं ताट उचलेपर्यंत दिवस बुडतो. तिचं जेवण राहतं. आणि दुसऱ्या दिवशी बसदीत तिचं कौतुक होतं, 'रात्रिभोजन त्याग किती कडक पाळते बघा.' तिनं व्रत धरलेलं नसतं. तिला वेळ मिळालेला नसतो. चातुर्मासात पालेभाजी बंद, ती तिनंही मनापासून बंद केलेली असते, पण त्या जागी तिच्या ताटात काय आलं? लोणचं आणि ताक. जेवणाबरोबर चहा, जो अन्नातलं लोह शोषू देत नाही. मी व्रताच्या विरुद्ध लिहीत नाही. दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्यांना मी नमस्कारच करते. पण आठ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला आपण चढाओढीनं उपवासाला बसवतो आणि पारण्याला मिरवणूक काढतो, तेव्हा तिच्या अंगात रक्त किती आहे हे एकानं तरी विचारावं.

एवढ्यावर हमखास एक उत्तर येतं. देह नश्वर आहे. आर्यिका माताजी आपल्या हातांनी केशलोच करतात आणि तुम्ही चार केसांसाठी रडता? हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, एका केस गळणाऱ्या मुलीला उद्देशून, आणि त्या वेळी ती परातीभर कणीक मळत होती. माताजींनी घर सोडलंय, दीक्षा घेतलीय, विचार करून, स्वतःच्या इच्छेनं. या मुलीनं दीक्षा घेतलेली नाही. तिच्या अंगावर पिणारं मूल आहे. आणि गंमत अशी की देह नश्वर आहे हे आपल्याकडे फक्त बाईनं रक्त तपासायला तीनशे रुपये मागितले की आठवतं. घरातल्या पुरुषाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन लाख भरताना कुणाला आठवलेलं मी पाहिलं नाही.

मग सगळ्याच गोळ्या टाकून द्यायच्या का? अजिबात नाही. उलट ज्या गोळ्या आपल्याला खरंच लागतात त्या आपण घेत नाही. बी-१२ घ्या. ते वनस्पतीत नसतं. आपल्याला दूध-दह्यातून मिळतं तेवढंच, आणि बहुतेकींना ते पुरत नाही. पायाला मुंग्या, विसराळूपणा, सतत थकवा, असं असेल तर तपासून घ्या. त्याची गोळी जिवाणूंकडून आंबवून बनवतात, त्यात मांस नाही. ज्यांना त्यातही शंका असेल त्यांनी महाराजांना विचारावं, पण पायाच्या मुंग्या लपवून न ठेवता विचारावं. लोह हे खनिज. ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, आशाताई घरी आणून देते, आणि आपण ती 'गरम पडते', 'मळमळतं' म्हणून कपाटात टाकतो. फुकट मिळणाऱ्या गोळीवर विश्वास नाही, दोन हजारांच्या डब्यावर आहे. ड जीवनसत्त्वाची गंमत तर विचारू नका. डी-३ बहुतेक मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून काढतात, डी-२ यीस्ट नाहीतर मशरूमपासून, म्हणजे दोन्हीकडे आपली अडचण. दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेलं डी-३ आता मिळतं, महाग असतं. मागा, पण डॉक्टरांनी कमी आहे असं सांगितल्यावर मागा.

ताटाचं म्हणाल तर आपल्या भागाइतकं चांगलं ताट कुठे आहे? ज्वारीची भाकरी, नाचणी, हुलग्याची आमटी, शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी, तीळ-गूळ, बाळंतिणीला अळिवाचे लाडू. वरून लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. चहा तासभर पुढे ढकला. आणि तिचं ताट तिच्यासमोर ठेवा, सगळ्यांबरोबर, दिवस असताना. शेवटची भाकरी नवऱ्यानं स्वतः वाढून घेतली तर व्रतभंग होत नाही.

शेवटी मंडळाविषयी, कारण हे डबे बाहेरून कुणी येऊन विकत नाही. स्वाध्याय संपला की सतरंजीवरच पिशवी उघडते. विकणारी आपलीच अक्का, आपलीच वैनी. तिलाही घरात स्वतःचे चार पैसे हवेत, ते मला कळतं; तिच्या कष्टावर माझा राग नाही. पण तिला वरच्या साखळीनं शिकवलंय की आधी समोरचीच्या केसांकडे बघायचं, मग नखांकडे, मग 'काय गं, किती वाळलीस' म्हणायचं. ती जागा धर्माच्या नावानं जमलेल्या बायकांची आहे. तिथे एकमेकींच्या अंगातली खोट शोधून तिची किंमत लावायची हे बंद व्हायला हवं.

आमच्या मंडळात मी लेखी मागणी ठेवली आहे की दशलक्षण पर्वाच्या आधी एक दिवस सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासावं, दहापेक्षा कमी असेल तिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये, आणि सभागृहात कुठलाही डबा विकू नये. डब्याचं लगेच मान्य झालं. तपासणीला मात्र निधी नाही म्हणाले. त्याच बैठकीत पुढचा विषय प्रभावनेचा होता. या वर्षी स्टीलचा डबा द्यायचा की तांब्याचा तांब्या, यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि तांब्या ठरला.